कोळ्याच्या मागे कोळी

'फड्या निवडुंग' हा शब्द माझी आजी शिवीसारखा वापरायची. एखादा पाहुणा आठ दिवस हलला नाही की तो "फड्यावानी पसरलाय". श्रीगोंदा तालुक्यात निवडुंग आता एखाद्या ओढ्याकाठी, पडक्या भिंतीवर दिसतो, तेवढाच. आजीच्या सासऱ्यांच्या काळात मात्र त्यानं गाव वेढलेलं होतं म्हणे. त्यात साप, त्यात विंचू, आणि त्याच्याच आडोशाला गावाची सकाळची बैठक. तोडला तर खाली पडलेल्या प्रत्येक तुकड्याला मूळ फुटायचं. "मग सरकारनं लाल किडा सोडला," आजी सांगायची, "आन् समदा फड्या जाग्यावर बसला."

ऐकायला दंतकथा वाटते. पण हा किडा खरा आहे आणि त्याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे.

अठराव्या शतकात उंची लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून निघायचा. किडा मेक्सिकोतल्या निवडुंगावर पोसायचा आणि त्याचा व्यापार स्पेननं मुठीत ठेवला होता. ईस्ट इंडिया कंपनीला त्या व्यापारात हात घालायचा होता. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा इंग्रज अधिकारी रिओ द जानेरोहून असे किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. किडे जगले, वाढले, पण रंग निकृष्ट निघाला, कारण आणलेली जातच भलती होती. रंगाचा धंदा बसला आणि किडे निवडुंगावर सुटले. एका विशिष्ट जातीचा निवडुंग त्यांनी मोठमोठ्या पट्ट्यांतून साफ केला. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. पुढे तेच किडे मुद्दाम दक्षिणेत नेले गेले आणि १८६०च्या दशकात लंकेत. तण मारायला एका देशातून दुसऱ्या देशात कीटक नेल्याचं जगातलं पहिलं उदाहरण म्हणून अभ्यासक याच गोष्टीकडे बोट दाखवतात.

आपल्याकडच्या फड्याला मात्र त्या किड्यानं तोंड लावलं नाही. फड्या वेगळ्या जातीचा आणि किडा सोवळ्यातला. आपलं सोडून दुसऱ्याचं खाणार नाही. त्यासाठी १९२६ उजाडावं लागलं. त्या वर्षी दुसऱ्या जातीचा कोचिनील, मूळचा अमेरिकेतला, ऑस्ट्रेलियामार्गे लंकेत पोचलेला, दक्षिण हिंदुस्थानात आणला गेला. त्याला हा निवडुंग चालला. किडे लागलेली पानं तोडायची आणि दुसऱ्या गावच्या निवडुंगावर टाकायची, एवढंच काम. पानावर पांढऱ्या कापसाचे पुंजके दिसायचे आणि बोटानं चिरडले की रक्तासारखा लाल रस यायचा. कुऱ्हाडीला न आवरलेला निवडुंग काही वर्षांत वाळून पडला.

या गोष्टीतल्या दोन बाबी पुढे लागणार आहेत. किडा नेमका हवा. आणि तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणारं कुणीतरी हवं.

दुसरी वेळ माझ्या डोळ्यांसमोरची. २००२च्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसायला लागली. तो लोकरी मावा होता. या माव्याला शास्त्रीय नाव मिळालं होतं १८९७ मध्ये, जावा बेटावर. भारतात तोवर तो आसाम, नागालँड, बंगालकडे माहीत होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं असलं काही पाहिलेलं नव्हतं. बेण्याच्या मोळ्यांतून, गुरांसाठी नेलेल्या वाढ्यांतून, वाऱ्यावरून तो जिल्ह्यामागून जिल्हा चढत नगरपर्यंत आला.

श्रीगोंदा तालुका अर्धा कोरडा, अर्धा कालव्याचा. घोड धरण चिंचणीला आहे, शिवाय कुकडीचं पाणी. आवर्तन सुटलं की लोकांचे चेहरे बदलतात. त्या पाण्यावर ऊस आणि उसावर दोन सहकारी कारखाने, एक श्रीगोंद्याचा आणि दुसरा पिंपळगाव पिसाचा कुकडी. उरलेल्या माळावर लिंबू. उसाला काही झालं तर इथे शाळेची फी, लग्नाची तारीख, सोसायटीचं कर्ज, सगळंच पुढे ढकललं जातं. आणि उसाला झालं होतं. वावरात शिरलं की अंगावर पांढरी पूड बसायची. वरच्या पानावरच्या माव्याचा चिकटा खालच्या पानावर ठिबकायचा आणि त्यावर काळी बुरशी चढायची. आख्खं शेत काजळी धरल्यासारखं. डोक्यावर गेलेल्या उसात पाठीला पंप बांधून कोण शिरणार? शिरला तरी पानाच्या खालच्या बाजूला, लोकरीच्या आतल्या माव्याला औषध लागणार कसं?

मग डिफा हे नाव गावात आलं. डिफा ही एका पतंगाची अळी. पतंगवर्गातल्या बहुतेक अळ्या पाला खातात, ही मावा खाते. माव्याच्या वसाहतीतच जाळं विणून राहते आणि बसल्या जागी एकेक गिळते. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा कीटक. बंगळुरूचं जैविक कीड नियंत्रण प्रकल्प संचालनालय, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राहुरीचं कृषी विद्यापीठ ही सगळी मंडळी कामाला लागली. आसामातून माव्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशीही इकडे आणली गेली. शिफारस होती हेक्टरी डिफाच्या १,००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २,५००.

एवढ्या अळ्या वाढवायच्या कुठे? हा भाग मला सगळ्यात आवडतो. त्यासाठी ऊस लावला शेडनेटखाली. हिरव्या जाळीच्या खोलीत ऊस वाढवायचा, त्यावर मुद्दाम मावा सोडायचा, मावा माजला की डिफा सोडायची आणि तयार झालेल्या अळ्या पानासकट कापून गावोगाव पाठवायच्या. आमच्या भागात शेडनेट नावाची वस्तू मिरचीच्या आधी या कामासाठी कानावर आली.

आमच्या गटात पानांचे ते तुकडे आणले चिटबॉयनं. ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारखान्याच्या शेतकी खात्यातला हा सर्वांत खालचा गडी. कुणाच्या उसाची नोंद कधीची, कुणाला तोड कधी, हे त्याच्या वहीत असतं, म्हणून गावात त्याला सरपंचापेक्षा जास्त चहा मिळतो. त्यानं तुकडे माव्याच्या पानांना टाचले आणि बजावून गेला, "आता औषध मारायचं नाही. मारलं तर हेच मरतील." लोकांनी ऐकलं. शास्त्र पटलं म्हणून ऐकलं असं मी म्हणणार नाही. सांगणारा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस होता, म्हणून ऐकलं.

दोन-तीन वर्षांत मावा आटोक्यात आला. सगळं श्रेय डिफाला देता येत नाही. २००३च्या दुष्काळानं ऊसच कमी केला आणि पावसानंही मावा धुतला. पण पुढच्या वर्षांत मावा दिसला तिथे त्याच्या पाठोपाठ त्याला खाणारेही आपोआप दिसू लागले, हे शेतकऱ्यांनी स्वतः पाहिलं. आजही आमच्याकडचा म्हातारा शेतकरी पानाखाली लोकर दिसली तर पंप काढायच्या आधी पान उलटं करून अळी आहे का बघतो.

आता तिसरी गोष्ट, जी अजून घडायची आहे.

२००५ नंतर राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाचं अनुदान आलं आणि पॉलिहाऊस, शेडनेट हे शब्द बांधावर पोचले. त्याआधी ही चैन तळेगाव दाभाड्याच्या गुलाबवाल्यांची होती. माझ्या चुलतभावानं वीस गुंठ्यांवर शेडनेट उभं केलं आणि ढोबळी मिरची लावली. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता पानं खालून गंजल्यासारखी दिसायला लागली, मग वरून पिवळे ठिपके, मग शेंड्यांना कोळिष्टक. लाल कोळी.

मराठीत हा शब्द घोटाळ्याचा आहे. भिंतीवरचा तो कोळी, मासे धरणारे ते कोळी आणि पानाखालचा हा अर्ध्या मिलिमीटरचा जीवही कोळी. हा कीटक नव्हे. याला आठ पाय, म्हणजे नात्यानं भिंतीवरच्याच्या जवळचा. पण भिंतीवरचा शिकारी आणि हा शाकाहारी, पानाच्या पेशीत सुई खुपसून रस पिणारा. उष्ण आणि कोरडी हवा त्याला मानवते. तीस अंशांच्या आसपास त्याची पिढी आठ-दहा दिवसांत उरकते. एक मादी शंभराच्या घरात अंडी घालते. नर न भेटलेल्या मादीच्या अंड्यांतूनही पिल्लं निघतात, ती सगळी नर. म्हणजे औषधातून एक मादी वाचली तरी तिचं खटलं पुन्हा उभं राहतं आणि औषध पचवण्याचा तिचा गुण सगळ्या गोतावळ्यात उतरतो.

हा जीव पूर्वी एवढा मोठा शत्रू नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तिची भावंडं जगभर पसरली, आणि त्यांच्या पाठोपाठ सफरचंदाच्या बागांपासून काचघरांपर्यंत कोळ्याच्या साथी सुरू झाल्या. औषधानं कोळ्याला खाणारे मारले, कोळी मागे उरला. आपण फवारणी करून कोळी पोसला, असं म्हटलं तर जरा जास्त होईल, पण फारसं जास्त नाही.

कोळ्याला खाणारे म्हणजे दुसरे कोळीच. १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीला आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर डोसे नावाच्या संशोधकाला एक नारिंगी, टपोऱ्या थेंबाच्या आकाराचा, लांब पायांचा, पळपळ पळणारा कोळी दिसला. फायटोसियुलस पर्सिमिलिस हे त्याचं भारदस्त नाव. आदल्याच वर्षी अल्जीरियातल्या नमुन्यांवरून ते ठेवलं गेलं होतं. हा गडी पान खात नाही. फक्त जाळं विणणारे कोळी खातो, दिवसाला पाच मोठे किंवा वीस अंडी, आणि त्यांच्यापेक्षा वेगानं वाढतो. कोळी संपले की उपाशी मरतो. म्हणजे निवडुंगाच्या किड्यासारखाच सोवळ्यातला.

त्याला डोळे नसतात. मग शिकार सापडते कशी? १९८०च्या दशकात मॉरिस साबेलिस आणि मार्सेल डिके या डच संशोधकांनी याचा छडा लावला. कोळी रस प्यायला लागला की झाड एक विशिष्ट वास सोडतं. आंधळा शिकारी त्या वासाचा माग काढत येतो. झाड एका अर्थानं हाळी देतं आणि हा ओ देतो.

नेदरलँड्समध्ये काकडी पिकवणारा यान कॉपर्ट नावाचा शेतकरी होता. त्याच्या काचघरातले कोळी औषधांना दाद देईनात. त्यानं हे आंधळे शिकारी मिळवले, वाढवले आणि १९६७ मध्ये ते विकायचा धंदाच सुरू केला. आज त्या धंद्याची गणना जगातल्या मोठ्यांत होते. बाटल्यांमधून, भुश्शात मिसळून, झाडाला अडकवायच्या कागदी पुड्यांमधून आता जिवंत कोळी विकले जातात.

पण मला जास्त जवळची वाटते ती स्पेनमधल्या आल्मेरियाची गोष्ट. हा भाग आपल्यासारखाच कोरडा, गरीब, आणि आता सुमारे तीस हजार हेक्टर प्लॅस्टिकखाली. तिथेही ढोबळी मिरची, तिथेही बेसुमार फवारणी. २००६ सरता सरता तिथल्या मिरचीत जर्मनीतल्या तपासणीत आयसोफेनफॉस-मिथाईल सापडलं. ते युरोपात वापरायला परवानगीच नव्हती. दुकानांनी माल नाकारला. त्यानंतरच्या दोन-तीन हंगामांत तिथली जवळजवळ सगळी ढोबळी मिरची स्विर्स्की नावाच्या परभक्षी कोळ्यावर गेली. हा कोळी फुलकिडे आणि पांढरी माशी खातो, आणि त्या नसल्या तर मिरचीच्या परागावर दिवस काढतो, म्हणून आधीपासूनच सोडून ठेवता येतो.

असाच धक्का आपल्यालाही बसला होता. २०१० मध्ये महाराष्ट्रातली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांमुळे युरोपात अडकली. शेतकरी त्याला सीसीसी म्हणतो, वेलीची वाढ रोखायला वापरतो. कंटेनर बंदरात आणि बागायतदार कर्जात. त्यातून आपण काय शिकलो? तपासण्या वाढवल्या, यादीत आणखी रसायनं घातली, कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं याचे तक्ते पक्के केले. ते वाईट नाही. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाला आज बागेपासून नोंद आहे. पण औषध थांबवायचा दिवस ठरवणं आणि औषधाची गरजच कमी करणं यांत फरक आहे. पहिलं आपण केलं, दुसरं आल्मेरियानं. आणि श्रीगोंद्याहून पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारात जाणाऱ्या ढोबळीला तर कुणी काहीच विचारत नाही.

उकाड्याची अडचण आहे, हे मान्य. पर्सिमिलिसला तिशीच्या वरचं तापमान आणि कोरडी हवा सोसत नाही, त्याची अंडी सुकतात. मार्चमध्ये आमच्या जाळीखाली भट्टी असते. पण आपला कोळी आपल्याकडे आहे. निओसियुलस लाँजिस्पायनोसस, १९५२ पासून शास्त्राला माहीत असलेला, भारतात भाजीपाल्यावर सर्रास सापडणारा, उष्ण मुलखातलाच. तो वाढवून पॉलिहाऊसमध्ये सोडण्याचे प्रयोग देशात झालेत. वाढवण्याची पद्धतही अवघड नाही. घेवड्याच्या रोपांवर लाल कोळी वाढवायचे आणि त्यावर हे सोडायचे. डिफाच्या खोलीचंच छोटं रूप.

मग अडतं कुठे? माझ्या मते चिटबॉयपाशी. निवडुंगाची लागण झालेली पानं वाहून न्यायला माणसं होती. माव्याच्या वेळी कारखाना होता. त्याच्याकडे प्रयोगशाळा होती, गाडी होती, प्रत्येक सभासदाच्या शेताचा गट नंबर होता आणि "फवारू नका" म्हणायचा अधिकार होता. ऊस पडला तर कारखान्याचंही गाळप पडणार होतं. आल्मेरियात सहकारी संस्था आणि निर्यातदार होते, माल परत आला तर बुडणारे. शेडनेटवाला मात्र सुटा आहे. त्याचं अनुदान चौरस मीटरवर मोजलं गेलं आणि मोजून झाल्यावर मोजणारा निघून गेला. कोळी आल्यावर त्याला एकच जागा माहीत आहे, कृषी सेवा केंद्र. तिथे बाटली उधारीवर मिळते, दोन वर्षं टिकते, उन्हात ठेवली तरी चालते. जिवंत कोळी थंड डब्यात येतो, दोन-चार दिवसांत सोडावा लागतो आणि उधारीवर ठेवताच येत नाही. दुकानदाराला मी दोष देत नाही. मरणारा माल कोण भरेल?

इंग्लंडातही असंच झालं होतं. १९२६ मध्ये एका टोमॅटोवाल्यानं पांढऱ्या माशीची काळी पडलेली पिल्लं चेशंटच्या संशोधन केंद्रात दाखवली. त्यांच्यातून एक सूक्ष्म गांधीलमाशी निघाली. १९३०च्या दशकात केंद्रानं ती लाखांनी वाढवून बागायतदारांना वाटली, कॅनडा-ऑस्ट्रेलियापर्यंत पाठवली. मग डीडीटी आलं आणि वाटप थांबलं. गांधीलमाशीत काही खोट निघाली नव्हती. बाटली सोपी होती, बस्स. पुढे औषधं चालेनाशी झाली तेव्हा तीच गांधीलमाशी पुन्हा शोधावी लागली.

माझ्या चुलतभावाचा हिशेब सांगतो. दर पाच-सहा दिवसांनी फवारणी, दर वेळी दुसरं औषध, कारण आधीचं चालेना. जाळीच्या आत वारा नाही. तोंडाला उपरणं बांधून आत जायचा आणि बाहेर आल्यावर तासभर डोळे चोळत बसायचा. वहिनी मिरची तोडायला जायच्या त्याच पानांत. घरच्या भाजीला मात्र बाहेरची, बांधावरची मिरची. हे मी अनेक शेडनेटवाल्यांच्या घरी पाहिलंय, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा एक दहापट मोठं दिसणारं भिंग घेऊन गेलो. शेडनेटमधल्या मिरचीवर लाल कोळी होते, सुस्त, जागच्या जागी. बाकी काही नाही. मग बांधावरच्या वांग्याचं पान उलटं केलं. त्या वांग्यावर त्यानं कधी औषध मारलेलं नव्हतं. तिथेही लाल कोळी होते, पण थोडे, आणि त्यांच्यामधून एक फिकट, थेंबासारखा जीव शिरेच्या कडेनं सुसाट पळत होता. नेमका कोणता ते भिंगानं सांगता येत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो. पण चाल शिकाऱ्याची होती.

भाऊ बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसला. मग म्हणाला, "हे आत नेलं तर?"

"औषध थांबवावं लागंल."

"किती दिवस?"

नेमका आकडा माझ्याकडे नव्हता. त्यानं वांग्याची आठ-दहा पानं खुडली, जाळीच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर नेऊन ठेवली आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना ठिबकच्या जुन्या नळीचे तुकडे बांधले. पंप मारणाऱ्या गड्याला खूण कळावी म्हणून.